आजोबांचे ओमेगा: कोणता भाग मूळचा, कोणता मागाहूनचा (नागपूर, एप्रिल ते जुलै २०२५च्या प्रकल्प नोंदी)

६ एप्रिल

आत्याकडून आजोबांचे घड्याळ आज घरी आणले. ओमेगा कॉन्स्टेलेशन, स्टीलची केस (म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच), तीनच्या जागी तारखेची खिडकी, आणि बारा पैलूंची, कडेला उतरत गेलेली ती तबकडी, जिला संग्राहक 'पाय-पॅन' म्हणतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने नुसते फोटो पाहून ते 'शंभर टक्के ओरिजनल' असल्याचे कळवले होते आणि भावही सांगितला होता. आत्याला ते विकायचे नाही. पण त्या फोननंतर तिच्या मनात शिरलेली शंका काही केल्या जात नाही. "इतक्या वर्षांत किती वेळा दुरुस्तीला गेलं ते. आता हे बाबांचंच घड्याळ आहे, की एकेक भाग बदलत बदलत दुसरंच झालंय, एवढं मला शोधून दे," असे ती म्हणाली.

या नोंदी त्या प्रश्नासाठी आहेत. ज्यांच्या कपाटात असेच एखादे जुने स्विस घड्याळ आहे आणि ज्यांना हेच काम करायचे आहे, त्यांना माझ्या चुका टाळता याव्यात म्हणून त्या तारखेनिशी लिहीत आहे. सुरुवातीलाच एक ठरवले की संपूर्ण घड्याळाला 'ओरिजनल' किंवा 'नकली' असा एक शब्द लावायचा नाही. प्रत्येक भागाचा निकाल वेगळा लिहायचा: याच घड्याळाबरोबर कारखान्यातून आलेला, कंपनीचाच पण मागाहून बसवलेला, किंवा बाहेरचा. पुरावा पुरेसा नसेल तर निकाल लिहायचाच नाही.

आजचा खर्च: दहापट मोठे दाखवणारे भिंग ६५० रुपये, अतिनील टॉर्च ४५० रुपये. घड्याळ न उघडता सर्व बाजूंनी चाळीस-एक फोटो काढून ठेवले. हे फोटो पुढे किती उपयोगी पडतील याची आज कल्पना नव्हती.

९ एप्रिल

तीन संध्याकाळी फक्त बाहेरून पाहण्यात घालवल्या. पट्टा अडकवण्याचे चारही कान या बनावटीत मध्येच मोड घेऊन खाली वळतात आणि त्यांच्यावरच्या पैलूंच्या कडा धारदार असायला हव्यात. डावीकडच्या दोन कानांवर ती धार अजून आहे, उजवीकडचे दोन मात्र साबणाच्या वडीसारखे गोलावले आहेत. कोणीतरी पॉलिशच्या चाकावर घड्याळ एकाच बाजूने जास्त धरले असणार. केस बदललेली नाही, पण तिच्यातला धातू गेला आहे, आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून तिला आता पुन्हा पॉलिश करायचे नाही, हे आजच पक्के केले.

मागच्या झाकणावर वेधशाळेचे पदक आहे. वर आकाशात आठ तारे असावे लागतात. भिंगाखाली आठही मोजता आले, घुमटावरच्या रेघा मात्र झिजून पुसट झाल्या आहेत. मनगटावर साठ वर्षे घासलेले पदक असेच दिसायला हवे. इतक्या जुन्या घड्याळावर ते नव्यासारखे कोरीव दिसले असते, तर मला जास्त काळजी वाटली असती.

चावी देण्याची किल्ली पाहताक्षणी बाहेरची वाटली. या बनावटीची किल्ली दहा बाजूंची असते, ही गोल आणि दातेरी आहे, आणि तिच्यावर कोणतेच चिन्ह नाही.

काचेने एक संध्याकाळ खाल्ली. ओमेगाच्या जुन्या अ‍ॅक्रिलिक काचेच्या बरोबर मध्यभागी डोळ्याला सहज न दिसणारे, अगदी बारीक ओमेगाचे चिन्ह असते. ट्यूबलाइटखाली अर्धा तास शोधूनही ते दिसले नाही, म्हणून वहीत 'नाही' असे लिहिले. काचेवर ओरखडे इतके होते की चिन्ह त्यांत हरवलेले असू शकते, हे नंतर लक्षात आले आणि 'नाही' खोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या तिरप्या उजेडात काच हळूहळू फिरवत पुन्हा पाहिली. खरोखरच चिन्ह नव्हते. निकाल तोच राहिला, पण आता त्याला आधार आहे.

१३ एप्रिल

सीताबर्डीतल्या घड्याळजी काकांकडे गेलो. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते हेच काम करीत आहेत आणि त्यांचे पहिले वाक्य असे होते: "आधी आतले नंबर लिहून घे, मग मत बनव. लोक मत आधी बनवून येतात."

झाकणाच्या आतल्या बाजूला ओमेगाची मोहोर आणि १६८.००५ हा क्रमांक आहे. यातील १६८ या आकड्यांचा अर्थ पुरुषांचे, आपोआप चावी बसणारे, तारखेसह, प्रमाणित क्रोनोमीटर (अचूकतेच्या चाचणीत उतरलेले घड्याळ). घड्याळाचे वर्णन त्याच्याशी जुळते. मशीन तांबूस मुलाम्याचे, कॅलिबर (म्हणजे मशीनच्या बनावटीचा क्रमांक) ५६१, चोवीस खड्यांचे. ब्रिजवर (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर) पाच स्थितींत आणि तापमानात जुळवणी केल्याचा मजकूर कोरलेला आहे. हा मजकूर महत्त्वाचा आहे, कारण याच कुटुंबातले ५६२ हे मशीन दिसायला जवळजवळ असेच असते, पण ते क्रोनोमीटर नाही, आणि त्याचे बरेच भाग इकडचे तिकडे बसतात. तबकडी 'क्रोनोमीटर' म्हणते आणि ब्रिजवर जुळवणीचा मजकूर नाही असे आढळले, तर कोठेतरी सरमिसळ झाली आहे असे समजावे. आणखी एक सोपी पडताळणी काकांनी दाखवली: नंतरच्या ५६४ मशीनमध्ये किल्ली शेवटपर्यंत बाहेर ओढली की दर ओढीला तारीख एकेक पुढे जाते. आमच्यात तसे होत नाही, म्हणजे तारखेची यंत्रणाही ५६१चीच आहे.

मशीनवरचा आठ आकडी अनुक्रमांक २१ने सुरू होतो. संग्राहक वापरतात त्या कोष्टकांनुसार हा १९६४च्या आसपासचा. ही कोष्टके एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होतात, पण त्याहून फार नाही. आणि येथेच अडचण आली. घरातली कथा अशी की हे घड्याळ आजीच्या माहेरून लग्नात आले, आणि लग्न १९६१चे. मग मशीन मागाहून बदलले की काय?

झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने कोरलेल्या पाच खुणाही सापडल्या. जुने घड्याळजी प्रत्येक ऑइलिंगनंतर आपली खूण आणि तारीख अशी बारीक कोरून ठेवीत. तीन वाचता येत नाहीत, दोन स्पष्ट आहेत: '७-८२' आणि '२-०१'. या दोन्ही वहीत उतरवल्या.

याच झाकणात कमानीच्या आकाराचा एक खोल ओरखडा आहे. आधाराची जागा झिजली की रोटर (हात हलला की फिरून आपोआप चावी देणारे वजन) किंचित लोंबतो आणि फिरताना झाकणाला घासतो. काकांनी रोटरची कड भिंगाखाली धरली: स्वच्छ, एकही घसट नाही. तसेच रोटरचा मुलामा ब्रिजपेक्षा उजळ आहे. झाकण घासले गेले पण आत्ताचा रोटर घासला गेला नाही, याचा अर्थ झाकणाला ओरखडा पाडणारा रोटर दुसरा होता. नोंद केली: रोटर कंपनीचा, पण मागाहूनचा. या संपूर्ण कामात मला सर्वांत समाधान देणारा निकाल हाच वाटतो, कारण तो कोणत्याही कोष्टकातून किंवा ऐकीव माहितीतून आलेला नाही. दोन भागांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या साक्षीतून तो निघाला.

२० एप्रिल

१९६१ आणि १९६४ यांच्या भांडणात एक आठवडा गेला. मशीन बदलल्याचे गृहीत धरून मी मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना फोनही केले होते. ते आधी करायला नको होते. झाकणावरचा सहा आकडी क्रमांक पाहूनच थांबायला हवे होते, कारण ओमेगाने ही क्रमांकपद्धती १९६२च्या सुमारास सुरू केली. म्हणजे केसही १९६१ची असू शकत नाही. केस आणि मशीन दोघेही एकच काळ सांगतात. वेगळे सांगते ती फक्त घरची आठवण.

आज धरमपेठेत आत्याकडे लग्नाचा अल्बम पाहिला. आजोबा फेट्यात आहेत, डावा हात गुडघ्यावर, आणि मनगटावरच्या घड्याळात सहाच्या वर सेकंदाची वेगळी लहान तबकडी स्पष्ट दिसते. आमच्या घड्याळात सेकंदकाटा मध्यभागी आहे. लग्नातले घड्याळ वेगळेच होते. आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की आजोबा नागपूर खंडपीठात वकिली करू लागल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक घड्याळ घेतल्याचे आजी सांगत असे, आणि कदाचित दोन्ही कथा एकत्र झाल्या असाव्यात. मशीनच्या रकान्यात लिहिले: केसबरोबरचेच.

हे काम करणाऱ्यांनी घरच्या आठवणी जरूर लिहून घ्याव्यात, मात्र त्या धातूवरच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

२७ एप्रिल

तबकडीचा निकाल आज घाईने लिहिला, आणि तो चुकला. तो कसा चुकला हे सविस्तर लिहितो, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा तबकडीचा असतो आणि भारतात फिरणाऱ्या जुन्या स्विस घड्याळांत सर्वाधिक छेडछाड तिच्याशीच झालेली असते.

मला तीन गोष्टी खटकल्या. सहाखाली काठाशी असलेल्या 'स्विस मेड' या अक्षरांचा खालचा अर्धा भाग दिसत नव्हता. पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांवर छपाई अशी काठाबाहेर सरकलेली हमखास आढळते. दुसरे, 'ऑटोमॅटिक', 'क्रोनोमीटर' ही अक्षरे जाड आणि फुगीर वाटत होती. तिसरे, साठ वर्षांच्या मानाने रंग फार एकसारखा होता. एवढ्यावर मी 'तबकडी रंगवलेली' असे लिहून टाकले आणि बंगळूरच्या चुलतभावाला तसे कळवलेही. त्याने ते आत्याला सांगितले. संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिच्या आवाजावरूनच कळले की बातमी तिला लागली आहे.

४ मे

काकांनी आज मशीन केसबाहेर काढले आणि काचही उतरवली. काच निघताच 'स्विस मेड'ची अक्षरे पूर्ण दिसली.

चूक अशी झाली होती. या केसच्या काचेला आतून धातूची कडी असते. नंतर कोणी बसवलेल्या बाहेरच्या काचेची कडी मूळ कडीपेक्षा रुंद होती आणि तिने तबकडीचा काठ झाकला होता. अक्षरांची जाडीही ओरखडे पडलेल्या काचेचीच होती. उघड्या तबकडीवर तीच अक्षरे बारीक आणि रेखीव दिसली. एक भाग बाहेरचा असला की तो शेजारच्या भागाविषयीही चुकीची साक्ष देतो, आणि काच तर प्रत्येक गोष्टीच्या मध्ये असते. काच काढल्याशिवाय तबकडीवर शेवटचे मत देऊ नये.

मग काकांनी एक-एक करून खऱ्या खुणा दाखवल्या. पैलूंच्या मधल्या कडा अजून धारदार आहेत. रंगवण्यापूर्वी तबकडी घासावी लागते आणि वर रंगाचा थर चढतो, त्यामुळे पुन्हा रंगवलेल्या तबकडीत पहिल्यांदा याच कडा बुजतात. तासाच्या धातूच्या पट्ट्यांच्या मुळाशी रंग किंवा लाख साचलेली नाही. तारखेच्या खिडकीची कड स्वच्छ आहे. तबकडीच्या काठावर कानशीने पाडलेली खाच नाही; रंगारी छपाईची दिशा चुकू नये म्हणून अशी खाच हमखास पाडतात. मागची बाजू कोरी असून, पट्ट्यांच्या पायांच्या छिद्रांतून मागे रंग उतरलेला नाही. "डायल मारलेलं नाही, भाऊ. काहून इतकी घाई करून राहिले होते तुम्ही?" काका म्हणाले. मी तेथूनच आत्याला फोन केला.

तबकडीवर बाराजवळ फिकट पिवळसर छटा आणि सहाखाली एक काळा ठिपका आहे. मशीनचे ऑइलिंग होईपर्यंत तबकडी डबीत घालून घरी नेण्याची परवानगी मी काकांकडे मागितली, कारण इतवारीच्या सराफ्यात खडे बसवण्याचे काम करणाऱ्या माझ्या मित्राकडे चांगली सूक्ष्मदर्शी आहे आणि तिच्याखाली फोटो काढायचे होते. काकांनी नाइलाजाने ती दिली आणि दोनदा बजावले, की काही झाले तरी पुसू नका.

८ मे

पुसली.

इतवारीत फोटो काढून झाले होते, ते उत्तमही आले होते. रात्री घरी ते मोठे करून पाहताना 'सर्टिफाइड'च्या शेवटच्या अक्षराला चिकटलेला तो काळा ठिपका धुळीचा कण आहे असे मला वाटले. कापसाच्या काडीचे टोक किंचित ओले करून, अजिबात दाब न देता, एकदाच टेकवले. ठिपका तसाच राहिला. शेवटचे अक्षर काडीवर आले.

जुन्या तबकडीवर छपाईची शाई बहुधा लाखेच्या वर बसलेली असते, आणि साठ वर्षांत तिचे आणि खालच्या थराचे नाते इतके सैल होते की नुसता ओलावाही तिला उचलतो. हे मला माहीत होते. शिवाय खोलीत कूलर चालू होता आणि तबकडी तासभर त्या दमट वाऱ्यात उघडी पडली होती. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरच्या खोलीत तबकडी उघडी ठेवायची नाही, हेही मला कळायला हवे होते. ठिपका खालच्या लाखेतलाच डाग होता. तो कधीच निघणार नव्हता.

साठ वर्षे टिकलेले अक्षर माझ्या हातून गेले. त्या रात्री मी दुसरे काहीच केले नाही.

११ मे

काकांना दाखवले. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. ते अक्षर बारीक कुंचल्याने पुन्हा काढून देणारे कारागीर मुंबईत आहेत, असे त्यांनी सांगितले. मी खूप विचार करून नको म्हटले. एक अक्षर रंगवले की उद्या पाहणाऱ्याला आजूबाजूच्या प्रत्येक अक्षराबद्दल शंका येईल, आणि जी तबकडी अस्सल असल्याचे आम्ही इतक्या खटपटीने सिद्ध केले तिच्यावर रंगवल्याचा आरोप पुन्हा येईल. गेलेल्या अक्षराची जागा रिकामीच राहील. अक्षर जाण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, तारखेसह, घड्याळाच्या कागदांत ठेवायचा.

आत्यालाही आजच सांगितले.

२५ मे

काट्यांचा प्रश्न. तासाच्या पट्ट्यांमध्ये काळी रेघ भरलेली आहे, चमकणारे द्रव्य कोठेही नाही; तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षरही नाही. हे 'टी' ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचे; साठच्या दशकाच्या मध्यापासून ट्रिटियम वापरलेल्या तबकड्यांवर ते छापले जाई. म्हणजे या तबकडीवर चमकणारे द्रव्य कधीच नव्हते. पण तास आणि मिनिटाच्या काट्यांच्या मध्ये मात्र हिरवट द्रव्य भरलेले आहे. सर्वसाधारण नियम असा की काट्यात जे भरलेले असते तेच पट्ट्यांत असते. शिवाय मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नाही, एक केसभर आधीच थांबतो.

खात्रीसाठी रात्री सर्व दिवे बंद करून अतिनील टॉर्च अर्धा मिनिट काट्यांवर धरली. टॉर्च बंद केल्यानंतरही पाच मिनिटांहून अधिक काळ काटे ठळक हिरवे चमकत राहिले. ट्रिटियमचे अर्धायुष्य बारा वर्षांहून थोडेसेच जास्त. साठच्या दशकातले ट्रिटियमचे द्रव्य टॉर्च बंद होताच जवळजवळ लगेच विझते. इतका वेळ चमकणारे द्रव्य १९९०च्या दशकात बाजारात आले. म्हणजे काटे, निदान त्यांतले द्रव्य, त्यानंतरचे. लिहिले: बाहेरचे, मागाहूनचे.

एक सावधगिरी येथेच लिहितो. साठच्या आधीच्या घड्याळांत रेडियम असू शकते. ते आता चमकत नसले तरी त्याचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे आहे. चमक संपते ती सोबतचे द्रव्य निकामी झाल्यामुळे, किरणोत्सार तसाच राहतो. असे काटे किंवा तबकडी घरी खरवडू नये, त्यांची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

१५ जून

किल्लीवर ३,८०० रुपये गेले. 'जुना साठा, न वापरलेली' अशी जाहिरात पाहून ऑनलाइन मागवली. बाजू दहाच होत्या, पण सूक्ष्मदर्शीखाली त्यांची रुंदी असमान निघाली, ओमेगाच्या चिन्हावर ओतकामाचे दाणे दिसले आणि आतला आटा आमच्या दांडीला बसेना. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. फोटोवरून किल्ली घ्यायचीच असेल तर समोरून, बाजूने आणि आतून असे तीन फोटो मागावेत. मी एकाच फोटोवर पैसे पाठवले.

त्यानंतर तीन रविवार काकांच्या दुकानात त्यांचे पत्र्याचे डबे चाळण्यात गेले. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते, स्विस सुटे भाग सहजी मिळत नसत; म्हणून घड्याळजी बंद पडलेल्या घड्याळांचे भाग असे जपून ठेवीत आणि जे बसेल ते बसवीत. आमच्या गोल किल्लीचे मूळही तेच असणार. तिसऱ्या रविवारी एका डब्याच्या तळाशी दहा बाजूंची, झिजलेली, खरी ओमेगाची किल्ली मिळाली. काकांनी १,२०० रुपये घेतले. ती झिजलेली आहे हेच मला आवडले. केसच्या वयाशी ती जुळते.

चिन्ह असलेली काच मुंबईहून २,६०० रुपयांना मिळाली. तिची कडी अरुंद आहे आणि 'स्विस मेड' आता पूर्ण दिसते.

२९ जून

काळी रेघ असलेले, योग्य लांबीचे, त्याच काळातले ओमेगाचे काटे सापडले. मुंबईच्या एका जुन्या दुरुस्तीकाराकडे तबकडी पूर्ण गंजलेले एक कॉन्स्टेलेशन होते, त्यातले. ७,५०० रुपये. ते बसवले की घड्याळ जवळजवळ तसेच दिसेल जसे १९६४मध्ये दिसत होते.

'जवळजवळ' हा शब्द मी जाणून लिहिला आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हातील लिलावात १९५७च्या घडणीचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला विकले गेले. २०२३मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले असल्याचे उघड झाले आणि खुद्द ओमेगानेच ते मान्य केले. त्यातले बरेच भाग अस्सल होते. भाग अस्सल असूनही घड्याळ खोटे असू शकते, आणि ते खोटे ठरते ते कोणता भाग कोठून आला हे लपवल्यामुळे. म्हणून हे काटे बसवले तर ते कोणत्या घड्याळातून, कोणत्या तारखेला आले हे लिहूनच बसवायचे.

६ जुलै

नवे काटे, जुने काटे आणि भागांचा कागद घेऊन आत्याकडे गेलो. तिने कागद शांतपणे वाचला. काट्यांच्या ओळीवर ती थांबली.

"हे हिरवे काटे बाहेरचे?"

"हो आत्या. १९९०नंतरचे."

"ते बाबांनीच बसवून घेतले होते," ती म्हणाली. "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्री त्यांना वेळ दिसायची नाही. दिवा लावला की आई जागी व्हायची, म्हणून सीताबर्डीत जाऊन अंधारात दिसणारे काटे घालून आणले. मला नीट आठवतं, कारण त्या रात्री त्यांनी मला दिवा घालवायला लावून दाखवलं होतं."

ऑपरेशन केव्हाचे, असे विचारले. तिने कपाटातून दवाखान्याचा जुना कागद काढला: जानेवारी २००१. झाकणातली शेवटची खूण '२-०१' आहे.

कागदावर काट्यांपुढे जे लिहिले होते ते मी खोडले नाही, कारण ते खरेच आहे: बाहेरचे, मागाहूनचे. त्याखाली एक ओळ वाढवली: फेब्रुवारी २००१, आजोबांनी स्वतः बसवून घेतलेले. आत्याने नव्या काट्यांची पुडी माझ्याकडे परत दिली.

१३ जुलै

काकांनी आज घड्याळ जुळवले. मशीन, केस, झाकण आणि तबकडी मूळची, रोटर कंपनीचा, मागाहूनचा, किल्ली आणि काच कंपनीची, यंदा बसवलेली, काटे आजोबांचे. सेकंदकाट्याच्या निकालापुरता पुरावा मिळाला नाही, त्याचा रकाना कोरा आहे. ७,५०० रुपयांचे काटे, गोल किल्ली आणि जुनी काच वेगवेगळ्या पुड्यांत, नावे लिहून, डब्यात ठेवली.

चाल तपासताना शेवटची एक चूक केली. तपासणी यंत्रावर लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी यंत्राला सांगावा लागणारा, मशीनगणिक वेगळा असणारा कोन) आधीचाच ५२ अंश राहिला होता; या मशीनचा ४९ आहे. त्यामुळे बॅलन्सचा (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसला आणि मी उगाच खूश झालो. आकडा बदलल्यावर झोका पंधरा-सोळा अंशांनी खाली आला, तरी काकांच्या मते वयाच्या मानाने चांगलाच आहे. ताशी १९,८०० ठोके, जसे ५६१चे असायला हवेत.

एकूण खर्च, ऑइलिंगचे ४,५०० धरून, २०,७०० रुपये. त्यातले ३,८०० पूर्ण वाया गेले आणि ७,५०० पुडीत पडून आहेत. वेळ चौदा आठवडे. नीट क्रमाने केले असते तर सहा पुरले असते: आधी आतले आकडे, मग काच उतरवून तबकडी, मग घरातल्या माणसांशी बोलणे, आणि खरेदी सर्वांत शेवटी. मी खरेदी आणि बोलणे यांचा क्रम उलटा केला.

झाकण बसवण्याआधी काकांनी सवयीने सुई उचलली आणि माझ्याकडे पाहिले. हल्लीचे संग्राहक असे कोरू देत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी हो म्हटले. '२-०१'च्या खाली त्यांनी बारीक अक्षरांत '७-२५' कोरले आणि झाकण लावले.